कुंभकोणमचा काहीच न करण्याचा आठवडा

"कुंभकोणम? तिथे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"देवळं."

"देवळं सोलापुरात कमी आहेत?"

"रेशीम."

"ते दुकानात भरून ठेवलंयस."

"कॉफी," मी म्हटलं, आणि तो गप्प बसला. आमच्या घरात कॉफीला विरोध करायची पद्धत नाही.

माझं सोलापुरात साड्यांचं छोटंसं दुकान आहे, त्यामुळे कुंभकोणमशेजारच्या दारासुरमच्या रेशमाचं निमित्त अगदीच खोटं नव्हतं. पण खरं कारण निराळं. कुंभकोणमात मराठेशाहीच्या काळात तिकडे गेलेल्या लोकांची घरं आहेत, ती माणसं आजही घरात मराठी बोलतात, आणि त्यातलं एक घर वरची खोली पाहुण्यांना देतं, हे मला कुठूनसं कळलं. मला मुळातच लोकांच्या घरात डोकवायची खोड. देऊळ एकदा बघितलं की झालं, घर बघून संपत नाही. दुकान आठवडाभर बहिणीच्या ताब्यात दिलं, घर नवऱ्याच्या आणि लेकीच्या, आणि संक्रांत उरकल्यावर निघाले. पोंगल झाल्यानंतरचे हे दिवस तिकडे जायला उत्तम. ऊन बोचत नाही आणि दारोदारच्या रांगोळ्या अजून पुसलेल्या नसतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: सोलापूरहून चेन्नईला थेट गाड्या आहेत. चेन्नईत कदाचित स्टेशन बदलावं लागेल, तिकीट काढताना नीट बघा आणि मध्ये चांगले तीन-चार तास ठेवा. पुढे कुंभकोणमची गाडी सहा-सात तास घेते. शेवटचा टप्पा दिवसाउजेडी करा. दोन्ही बाजूंना कालवे, भात, केळी, पुन्हा भात. कोरडवाहू मुलखातून आलेल्या माणसाला इतकं पाणी बघून आधी बरं वाटतं आणि मग थोडा रागच येतो.

रविवारी दुपारी पोचले. शारंगपाणीच्या गोपुराजवळच्या गल्लीत दुमजली घर, खाली घरमालक, वर एक खोली. भाडं नाश्त्यासकट दिवसाला बाराशे. दार अंबुजाबाईंनी उघडलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसात कदंबाचा, म्हणजे तिकडच्या मिश्र फुलांचा गजरा, आणि चष्मा डोक्यावर चढवलेला.

"या, या बाई. प्रवास बरवा जाला?"

मी पायरीवरच थबकले. बखरीतलं एखादं पान उठून कॉफी विचारायला आल्यासारखं वाटलं. त्यांचं मराठी मी इथे कानाला ऐकू आलं तसं लिहिते आहे. उच्चार तमिळ वळणाचे, मध्येच तमिळ शब्द, आणि मधूनमधून आपल्याकडे पोथीतच उरलेलं एखादं रूप. काही ठिकाणी माझ्या कानाने ते आपसूक सोपं केलं असेल, तेवढं माफ करा.

घरात तिघं. अंबुजाबाई, त्यांचे यजमान सेतुराव, एका शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच आणि अबोल, आणि सासूबाई तुळसाबाई. तुळसाबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. अकरा वर्षांपूर्वी कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर धरून चालतात. त्यांची खुर्ची अशा जागी मांडली आहे की तिथून दार, स्वयंपाकघर आणि गल्ली तिन्ही दिसतात. उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात हे कुणाला शिकायचं असेल तर तिथे जावं.

संध्याकाळी अंबुजाबाईंनी मला टाउन बसने दारासुरमला नेलं. गावाला लागूनच आहे, तिकीट किरकोळ. तिथलं दगडी देऊळ जरूर बघा, पण आधी विणकरांच्या गल्लीत जा. एकेका घरातून मागाचा आवाज येत असतो. मी मागांच्या गावात वाढले, तरी हा आवाज वेगळा होता. आमच्या चादरींचा खडखडाट असतो, हा सावकाश आणि मोजून बोलल्यासारखा. गल्लीच्या टोकाला विणकर घरांनी मिळून चालवलेलं साड्यांचं दुकान आहे. अंबुजाबाई आत शिरल्या आणि निराळ्याच बाई झाल्या. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. कुणी न सांगता त्यांनी कपाटातून एक साडी काढली आणि मनगटाच्या एका झटक्याने पदर गादीवर उलगडला. हा झटका मला वीस वर्षं दुकान चालवून साधलेला नाही.

"तुम्ही घेणार नाहीं," त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या. "नुसतें पाहाल."

मला अपमान वाटला. दोन घेतल्या.

परतीच्या बसमध्ये त्या खुदुखुदु हसत होत्या. "असें म्हटलें कीं तुमच्याकडल्या बाया घेतातच. मज ठाऊक आहे."

त्या पूर्वी गावातल्या एका मोठ्या साडीदुकानात होत्या. सासूबाई पडल्या आणि ते सुटलं. आता दारासुरमच्या या दुकानाला गल्ल्यावर बसणारं, महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणारं माणूस हवं होतं. गावातल्या महिला कॉलेजात, घरचं आवरून रोज दुपारी दोन तास जाऊन, त्यांचं तीन महिन्यांचं शिक्षण होऊन गेलं होतं. कॉम्प्युटर, पार्सल, सगळं. आता फक्त एक आठवडा उरला होता.

"कसला आठवडा?"

"सुम्मा वारम्," त्या म्हणाल्या. "कांहीं न करणें."

तमिळमध्ये 'सुम्मा' म्हणजे उगीच, रिकामं. आपल्याकडे बायका नाही का सांगत, काही नाही, घरीच असते; तेच. उद्यापासून शुक्रवारपर्यंत त्यांनी रोज कामाच्या वेळेला घर सोडायचं, कॉलेजच्या एका हॉलमध्ये दिवसभर रिकामं बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पाच दिवस पार पडले तर सोमवारपासून दुकान. मागच्या खेपेला त्या बुधवारपर्यंत टिकल्या. बुधवारी सासूबाई मोरीत घसरल्याचा घरून फोन आला, त्या धावत सुटल्या, आणि परत गेल्याच नाहीत. सासूबाईंना साधं खरचटलंही नव्हतं.

"ह्या खेपेस चुकलें तर ती जागा दुसरीस देतील," अंबुजाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सोमवार. सकाळी पावणेनऊला कोपऱ्यावरून त्यांची बस. त्या गेल्या आणि नऊ वाजता सेतुराव कॉफी घेऊन आले. कुंभकोणमची पितळी पेल्यातली घट्ट कॉफी, जिच्यासाठी मी नवऱ्याला गप्प केलं होतं, ती म्हणजे त्या सकाळी गरम पाण्याला आलेला तपकिरी संशय होता. मी प्यायले. सेतुराव समोर उभे राहून माझा चेहरा वाचत होते.

"बरी जाली?"

"छान आहे."

"खोटें नको बोलूं," तुळसाबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आम्हां घरीं खोटें एकच जण बोलतो, तो पुरे."

त्या दिवशी मी गाव पायाखाली घातलं. बाजारात पितळेची भांडी, समया, विड्याच्या पानांच्या चवडी. कुठल्याही मध्यम खानावळीत शिरून इडलीबरोबर 'कडप्पा' मागा. मूगडाळ आणि बटाट्याची पातळसर, खोबऱ्याच्या वाटणाची भाजी. ही या गावाचीच. पोटभर खाऊन शंभराच्या आत सुटका. रिक्षावाल्यांशी मात्र बसायच्या आधी बोलून घ्या.

पण माझं लक्ष देवळात नव्हतं. चार वाजून गेल्यावर मी मुद्दाम घरी आले. अंबुजाबाई परतल्या तेव्हा ओट्यावर सांडलेलं दूध, मोरीत भांड्यांचा ढीग, आणि सेतुरावांच्या बोटाला पट्टी. त्यांनी कंबर कसली, तासाभरात सगळं लखलखीत केलं. गुणगुणत होत्या. एवढ्या खुशीत मी त्यांना रविवारीही बघितलं नव्हतं.

मंगळवारी मी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. काहीच न करणारी माणसं कशी दिसतात ते बघायचंच होतं.

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट हॉल. पंखे, बाकं, पाण्याचा माठ. वीसेक माणसं असतील, बहुतेक बायका, तीन-चार पुरुष. त्यातले एक गृहस्थ बायकोच्या लांबलेल्या आजारपणात नोकरी सोडून घरी बसले होते. ती आता बरी होती, आणि त्यांनाच बाहेर पडायची भीती बसली होती. दाराशी एक मोठा स्टीलचा डबा, इडलीचं पीठ आंबवतात तसा. त्यात सगळ्यांचे फोन. घरच्यांनी हॉलच्या फोनवर करायचा तो फक्त डॉक्टर लागला तरच.

आणि हातात काम घ्यायला बंदी. गजरे नाहीत, विणकाम नाही, तांदूळ निवडणं नाही. झोपा, बोला, पेपर वाचा. काय सांगू, बघवत नव्हतं. एक बाई शेजारणीच्या पदराच्या निऱ्या सारख्या करत होती. दुसरीने माठाचं झाकण तीनदा पुसलं. अंबुजाबाई हातावर बसल्या होत्या. शब्दशः, दोन्ही तळवे मांडीखाली घालून.

हे सगळं चालवतात त्या कॉलेजच्या सेल्वी मॅडम. चाळिशीच्या, भराभर चालणाऱ्या, आणि माझ्यासाठी सावकाश इंग्रजी बोलणाऱ्या. कॉलेज शिकवतं, दारासुरमचे विणकर, दोन खासगी दवाखाने आणि बाजारातले काही व्यापारी जागा देतात, आणि एक महिला बचत गट आधी घरोघरी जाऊन घरच्यांशी बोलून येतो. असा सगळा मिळून कारभार.

"पण हे रिकामं बसवणं कशाला?" मी विचारलं. "त्यापेक्षा सरळ कामावर पाठवा."

"पाठवत होतो," त्या म्हणाल्या. "उत्तम शिकलेली माणसं. दोन आठवड्यांत परत. साखर कुठे आहे, किल्ली कुठे आहे, आईला ताप आहे. दुकानदार आम्हाला म्हणायचे, तुम्ही शिकवता आणि घर परत घेऊन जातं. मग आमच्या लक्षात आलं की बाईला तयार करून भागत नाही. घरालाही तिच्याशिवाय सराव लागतो."

"मग निदान हातात काही काम द्या. वेळ तरी जाईल."

"काम दिलं की त्या म्हणतात, वेळ सत्कारणी लागला. मग त्या घराबाहेर आहेत हे त्यांनाही कळत नाही आणि घरालाही." मग त्यांनीच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, बायका कुठल्या दिवशी सोडून जातात?"

"घरात गोंधळ झाला की."

"गोंधळ झाला की त्या खूश असतात. घर व्यवस्थित चाललं, त्या दिवशी मला त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

मला ते काही पटलं नाही. जास्त शिकलेली माणसं बोलतात असं काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. अर्ध्या तासात मलाच त्या हॉलमध्ये गुदमरायला झालं आणि मी दारासुरमचं देऊळ बघायला पळाले. सुंदर आहे. दगडाच्या रथाला दगडाचीच चाकं आहेत आणि गवतावर बसून कितीही वेळ बघत राहावं असं. सकाळी लवकर जा, दुपारी फरशी तापते.

बुधवारचा सगळ्यांनी धसका घेतला होता. मागच्या वेळचा वार. निघताना अंबुजाबाई तीनदा परत आल्या: एकदा छत्रीसाठी, एकदा रुमालासाठी, एकदा कशासाठीच नाही.

मी बसने पूर्वेकडच्या तिरुनीलक्कुडीला गेले. भाताच्या खाचरांमधलं लहानसं गाव, तिथे शिवाला तेलाचा अभिषेक करतात आणि ते तेल पिंडीतच जिरतं असं म्हणतात. पुजाऱ्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. बघायला गर्दी नव्हती, हवा छान होती, पण माझा जीव घरात अडकलेला. ओळख तीन दिवसांची, आणि काळजी सख्ख्या नणंदेची असावी तशी. दुपारी एकलाच परतले.

दारातून बघते तर तुळसाबाई खुर्चीत मान टाकून बसलेल्या, चेहरा पांढरा, आणि सेतुराव त्यांच्यापुढे फोन हातात धरून उभे.

"चक्कर आली," ते मला म्हणाले. "अंबुजेस बोलावूं काय?"

मी हो म्हणणारच होते. म्हणजे तोंड उघडलंही होतं.

"फोन ठेव," तुळसाबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"अम्मा, डॉक्टर तरी..."

"भातानें आलेली चक्कर भातानें जाईल."

मग हळूहळू प्रकार उलगडला. तिकडे घरोघरी जेवायच्या आधी कावळ्यांना भाताचा घास ठेवतात. हा मान या घरात तुळसाबाईंचा. खिडकीच्या कठड्यावर त्यांच्या हातूनच ठेवला जातो. सोमवारपासून लेकाचा भात कच्चा राहत होता, त्यांना चावत नव्हता, आणि लेकाला वाईट वाटू नये म्हणून त्या घासाऐवजी जवळजवळ सगळं ताट कावळ्यांना वाढत होत्या. दोन दिवस. सेतुराव बापडे रोज रिकामं ताट बघून खूश होत होते. मी कठड्याकडे बघितलं. चार कावळे, तुकतुकीत, आज अजून वाढलं कसं नाही म्हणून वाट बघत बसलेले.

सेतुरावांनी फोन ठेवला. मग नवा भात लावायला घेतला. तुळसाबाईंनी खुर्चीतून सांगायचं आणि त्यांनी करायचं: पाणी इतकं, आच कमी, झाकण ठेव, आतां बोटानें दाबून पाहा. मी दही घुसळलं. भात मेणासारखा मऊ झाला तेव्हा त्यात दही, मीठ, आल्याचा कीस घालून त्यांनी स्वतःच्या हाताने आईला भरवला. वाटीभर पोटात गेल्यावर तुळसाबाईंच्या गालांवर रंग आला. मग त्यांनी मोजून एकच घास आपल्या हाताने कठड्यावर ठेवला.

"आज इतकेंच," त्या कावळ्यांना म्हणाल्या.

संध्याकाळी अंबुजाबाई जवळजवळ पळतच आल्या. त्यांना सगळं सांगितलं. आधी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, सासूबाईंचे हात चाचपून बघितले, नाडी बघितली. मग आम्ही तिघंही हसायला लागलो. त्या हसल्या, पण थोडं उशिरा.

"मज बोलाविलें नाहीं?" त्यांनी विचारलं.

"लागलें नाहीं," सेतुराव साधेपणाने म्हणाले.

गुरुवारी मी कुठेच गेले नाही. खरं तर तंजावर पाहायला जायचं ठरलं होतं, तासा-दीड तासाचा रस्ता, बस भरपूर. पण हे घर सोडून कोण जातंय! सेतुरावांना सूर सापडला होता. सकाळची कॉफी चक्क कॉफी होती. दुपारी मऊ भात आणि वांग्याची रसवांगी, डाळ आणि चिंचेची, आपल्या भरल्या वांग्याची लांबची चुलतबहीण. भांडी घासून पालथी घातलेली. औषध वेळेवर. तुळसाबाईंनी दोनदा वाढून घेतलं आणि कावळे उपाशी बसले.

अंबुजाबाई आल्या. पदर खोचतच स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे उभ्या राहिल्या. आवरायला काही नव्हतंच.

"आज भात तुजपेक्षां मऊ जाला," तुळसाबाई बाहेरून कौतुकाने म्हणाल्या.

त्यांच्या मनात काही नव्हतं, याची मी शपथ घेईन. पण मी दारातून अंबुजाबाईंचा चेहरा बघितला. त्यांनी फळीवरचे सगळे डबे खाली काढले. मिरची, धणे, हिंग, मेथ्या; सेतुरावांनी आपल्या सोयीने लावले होते ते. एकेक डबा पुसून त्यांनी आपल्या जुन्या जागी ठेवला. आवाज करत ठेवला. मग ओट्याला टेकून रडायला लागल्या.

मी माठातलं पाणी दिलं.

"अकरा वर्षें," त्या म्हणाल्या. "एक रात्र मी बाहेर राहिलें नाहीं. माहेरचें लग्न सोडलें. मजवांचून चालत नाहीं म्हणून. आणि हें चार दिवसांत शिकले, बाई. चार दिवसांत! मग मी काय करीत होतें?"

सेल्वी मॅडम काय म्हणाल्या होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"उद्यां मी नाहीं जात," अंबुजाबाई म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. तो पुसलेलाच होता.

शुक्रवारी सकाळी मी वरून खाली आले तेव्हा साडेआठ होऊन गेले होते. अंबुजाबाई घरच्या साडीत, केस विंचरलेले नाहीत, फिल्टरशेजारी ओट्याला पाठ टेकून उभ्या. कॉफी त्यांनीच केली होती आणि ती अप्रतिम होती, हे सांगायला हवं. सेतुराव दाराशी त्यांची पिशवी हातात घेऊन उभे. मला तर कुणाला तरी हलवावंसं वाटत होतं, पण पाहुण्याने किती नाक खुपसावं याला माझ्याही लेखी मर्यादा आहे.

"अंबुजे," तुळसाबाई म्हणाल्या. "इकडे ये. बैस."

त्या बसल्या नाहीत, खुर्चीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"सेतुची बहीण बाळंत जाली तेव्हां मी मदुरेस गेलें होतें. दोन महिने. वाटेंत वाटलें, घर मोडून पडलें असेल. आलें तों सगळें ठीक. तुझे मामंजी हंसत होते, पोरें जेवत होतीं. कोणीं मज कांहीं पुसलें नाहीं. मी मागल्या दारीं, विहिरीपाशीं बसलें आणि बहुत रडलें."

सेतुरावांनी आईकडे बघितलं. त्यांनाही हे नवं असावं.

"मग?" अंबुजाबाईंनी विचारलं.

"मग काय? मज जायास ठाव नव्हता. तोंड धुतलें, पुन्हा चुलीपाशीं गेलें." तुळसाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "तुज बस आहे. जा."

मग अंबुजाबाई आत पळाल्या. बाहेर आल्या त्या एका हाताने निऱ्या धरून, दुसऱ्या हातात कंगवा, चष्मा डोक्यावर. कोपऱ्यावर बस सुटत होती. आणि आमचे सेतुराव, ज्यांचा आवाज मी आठवडाभरात नीटसा ऐकला नव्हता, ते रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून तमिळमध्ये ओरडले. अख्खी गल्ली बाहेर आली. बस थांबली. कंडक्टरने काय ऐकवलं ते मला कुणी भाषांतर करून सांगितलं नाही.

मी मागे वळून बघितलं तर तुळसाबाई रडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यांत." गॅसवर काही नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारचा डबा घरच्यांनी करून हॉलवर पोचवायचा अशी तिथली रीत आहे. एकच्या सुमाराला सेतुराव आणि मी डबा घेऊन गेलो. व्हरांड्यात ओळीने कुणाचे नवरे, कुणाच्या सुना, त्या घाबरट गृहस्थांची बायको, सगळे डबे घेऊन उभे, मुलाच्या परीक्षेला आलेल्या पालकांसारखे. अंबुजाबाईंनी डबा उघडला, दहीभाताचा पहिला घास घेतला, सावकाश चावला. सेतुराव डब्याचं झाकण हातात धरून बघत होते.

"अम्मा खरें बोलल्या," त्या म्हणाल्या. "मऊ आहे." आणि सगळा डबा संपवला. चार वाजता दारासुरमच्या विणकरांचे पुढारी येऊन त्यांना सोमवारी यायला सांगून गेले.

शनिवारी सकाळी मी निघाले. पिशवीत दोन साड्या, कॉफीची पूड, पितळेचा एक पेला. कुणी जाणार असाल तर किमान चार दिवस ठेवा. देवळांना दोन पुरतात, बाकीचे दोन माणसांना द्या.

घरी आले. सोलापूर जागच्या जागी होतं. दुकान बहिणीने छान सांभाळलं होतं, जरा जास्तच छान. दोन जुनी गिऱ्हाइकं 'त्या ताई नाहीत का' असं मलाच विचारून गेली. घरात लेक आणि नवरा एकमेकांना टाळ्या देत आठवड्याचे किस्से सांगत होते. सगळं व्यवस्थित. फक्त स्वयंपाकघरात हिंगाची डबी माझ्या जागेवर नव्हती, खालच्या खणात चहापत्तीशेजारी ठेवली होती. मी त्याच संध्याकाळी उचलून वर ठेवली. आवाज करत ठेवली, हे मला ठेवल्यावर कळलं.

महिन्याभराने त्या दोन साड्या विकल्या गेल्या आणि आणखी मागवाव्यात असं ठरलं. शिवाय एका मैत्रिणीला त्यांची खोली हवी होती. सकाळी अकराच्या सुमाराला अंबुजाबाईंना फोन लावला. मागे मागाचा तो सावकाश आवाज येत होता.

"दुकानीं आहें, बाई. साडीचें असेल तर बोला. खोलीचें असेल तर घरीं फोन लावा, हे पाहतात."

मी साड्यांचं बोलले. त्यांनी रंग विचारले, काठ विचारले, आणि "तुम्ही सहा नाहीं घेणार, चारच घ्याल" असं म्हणून मला आठ घ्यायला लावल्या. मग मला राहवेना.

"घर कसं चाललंय?"

पलीकडे कपाट मिटल्याचा आवाज आला.

"चालतें," त्या म्हणाल्या. "मज न पुसतां चालतें." आणि लगेच, "ठेवूं का? गिऱ्हाईक उभें आहे." फोन बंद झाला.

माझा फोन असा कापलेला मला एरवी अजिबात खपत नाही. त्या दिवशी मी एकटीच हसत बसले. मग उठून स्वयंपाकघरात गेले, हिंगाची डबी खाली काढली आणि नवऱ्याला हाक मारली.

"ही तू कुठे ठेवत होतास रे?"